गाळलेला ‘बी’

चांगलं मराठी लिहिणं हा आमच्या घरातला आनुवंशिक आजार आहे. माझे बाबा, भाऊराव, आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झाले, पण अजून रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांना लाल पेनाने गोल करतात आणि महिन्याच्या शेवटी ती कात्रणं संपादकांना पाठवतात. त्यांच्या वडिलांना लातूरकडच्या गावात शाळेच्या दाराबाहेर बसून बाराखडी शिकावी लागली होती. त्यामुळे ही भाषा आपण दाराच्या आत बसलेल्यांपेक्षा चांगली लिहायची, हे आमच्या मुलुंडच्या घरात कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. मी ते दुधाबरोबर प्यायले. पुढे सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, पेशी आणि जनुकं यांच्यात जन्म गेला, तरी कोणी ‘मी आली’ म्हटलं की अजून माझ्या कपाळावर आठी पडते. लोक मला खडूस म्हणतात. मला त्याचा अभिमान होता.

अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत मी काम करते. एचआयव्ही झालेल्या माणसांच्या रक्तातल्या बी-पेशींवर आमचा अभ्यास चालतो. बी-पेशी हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. शरीरात शिरलेल्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवायचं काम त्यांचं. प्रत्येक बी-पेशी आपल्या जनुकांचे तुकडे निराळ्या तऱ्हेने जोडते, म्हणून प्रत्येकीचं प्रतिपिंड निराळं. एखाद्या जंतूशी एकदा गाठ पडली की काही बी-पेशी त्याची ओळख जपून वर्षानुवर्षं टिकून राहतात. इंग्रजीत त्यांना मेमरी बी-सेल म्हणतात. एचआयव्ही झाला की बी-पेशींना कायम जागं ठेवलं जातं. त्या ढीगभर प्रतिपिंडं बनवत सुटतात, त्यातली बरीचशी कशालाच लागू पडत नाहीत, आणि मग त्या थकतात. ‘थकणं’ हा शब्द माझा नाही, शास्त्रातच तो तसा आहे. अशा पेशींमधली प्रतिपिंडांची कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती गप्प पडली आहेत, हे मी मोजते.

रक्त देणाऱ्या प्रत्येकाला आधी एक माहितीपत्रक त्याच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. ते त्याला समजलं की मग सही. एका एजन्सीकडून त्याचं मराठी भाषांतर करून आलं आणि ते वाचून माझं डोकं फिरलं. ‘आपल्या ब्लडमधील मेमरी बी सेल्स, जे की पांढऱ्या पेशींचे एक प्रकार आहे, ते एचआयव्हीने एक्झॉस्ट होऊन जातात.’ असली चार पानं! मी शनिवार-रविवार बसून सगळं नव्याने लिहून काढलं. त्या वाक्याचं मी असं केलं: ‘या संसर्गात स्मृतिपेशी अविरत जागरणाने थकतात व हळूहळू क्षीण होत जातात. औषधोपचार नियमित असले तरी त्या पूर्ववत होतीलच असे नाही.’

‘बी’ मी गाळला. मराठी वाक्यात ते एकटं इंग्रजी अक्षर भातातल्या खड्यासारखं दाताखाली येत होतं. ‘पांढऱ्या पेशींचा प्रकार’ हेही गाळलं, कारण त्याने वाक्याची लय मोडत होती. हे मी आज लिहिते आहे ते कबुली म्हणून. तेव्हा मी गालातल्या गालात हसत होते.

आमचे विद्याधर सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, वाचून म्हणाले, “झकास! शर्मिष्ठा, तू चुकीच्या धंद्यात आलीस.” मान्यता देणाऱ्या समितीतल्या एका वयस्कर बाईंनी तर खास निरोप पाठवला, की सरकारी कागदांत असं मराठी हल्ली दिसत नाही. बाबांनी ती चार पानं दोनदा वाचली आणि घरी येईल त्याला ते ती मोठ्याने वाचून दाखवायला लागले. इतक्या शिकल्यासवरल्या माणसांनी वाचलं, पण ‘स्मृतिपेशी म्हणजे काय गं?’ असं एकानेही विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये शेवंती परब आल्या.

पन्नाशीच्या, सडसडीत बाई. अंगात निळा कोट, गळ्यात शिट्टी आणि ओळखपत्र. एका शाळेच्या बसवर त्या बसताई होत्या. मुलांना इमारतीच्या गेटवरून चढवायचं, शाळेत उतरवायचं, दुपारी उलट फेरी. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्या आल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा तपासणीत यांचं निदान झालं, तेव्हापासून गोळ्या चालू, एक दिवस चुकलेली नाही. घाटकोपरजवळ असल्फाच्या टेकडीवर एकट्या राहत होत्या. मूळच्या कुडाळकडच्या.

“चौतीस पोरं माझ्याकडं,” त्या म्हणाल्या. “चौतीस चढली, चौतीस उतरली. नऊ वर्षांत एक पण इकडची तिकडं नाय.”

मी त्यांना माहितीपत्रक वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर वाचलं नाही, सादर केलं. जिथे आवाज खाली आणायचा तिथे आणला. ‘अविरत जागरणाने’ म्हणताना तर मला स्वतःचंच कौतुक वाटलं. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ह्या कमी झाल्या तर माणसाला कळतं का, मॅडम?”

“नाही. आतल्या आत होतं ते. हळूहळू.”

“दुसऱ्या कुणाला?”

“अजिबात नाही. बाहेरून काहीच दिसत नाही,” मी म्हणाले, आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांना आजार उघडा पडेल याची भीती वाटते आहे, असं मला वाटलं. मी समजूतदार आहे असंही वाटलं. त्यांनी सही केली.

डिसेंबरमध्ये त्यांचा फोन आला. त्यांना पहिल्या नमुन्याचा निकाल हवा होता. असा निकाल सांगायला आमच्याकडे परवानगी आहे, ज्याला हवा असेल त्याला.

“माझ्या किती राहिल्या?”

“बऱ्याच कमी आहेत,” मी म्हणाले. त्यांचे आकडे फार बोलके होते आणि मी नुकताच त्यांचा आलेख काढला होता, त्यामुळे माझ्या आवाजात उत्साह असणार. “पण घाबरायचं नाही. रोजच्या जगण्यात तसा फरक पडत नाही. इतकंच, की आधी ओळख झालेली असली तरी पुन्हा समोर आल्यावर ओळखायला वेळ लागतो.”

मी जंतूंबद्दल बोलत होते.  पलीकडून त्या म्हणाल्या, “बरं. बरं झालं सांगितलंत.”

बारा मेला त्या दुसऱ्या नमुन्यासाठी आल्या. अंगात कोट नव्हता, शिट्टी नव्हती. साडी नेसून, सावकाश, हातात शाळकरी वही घेऊन आल्या.

“सुट्टी लागली वाटतं,” मी म्हणाले.

“काम सोडलं मी.”

“का हो?”

“तुम्हीच लिवलंय ना.” त्यांनी वहीतून माझं माहितीपत्रक काढलं. चारही पानं, घडीवर झिजलेली. स्मृतिपेशींच्या वाक्याखाली पेन्सिलने दोनदा रेघ होती. “मार्चमध्ये एक पोरगी मागच्या सीटवर झोपलेली. छोट्या शिशूतली. मी बघितलं, उठवली, आईच्या हातात दिली.”

“मग चांगलंच केलंत की.”

“बघितली म्हणून. उद्या नाय आठवलं बघायचं तर? बस डेपोत लावून डायवर जातो घरी. काचा बंद. उन्हाचे दिवस.” त्यांचा आवाज जराही हलला नाही, हे त्यांनी फार वेळा मनात घोळवलेलं होतं. “मी बसच्या मालकाला, विशालशेटला सांगितलं, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाय, परीक्षा झाली की मी थांबते. आजाराचं नाय सांगितलं. नुसतं, विसरायला होतं म्हणून. तुम्ही लिवलं नसतं तर मला कळलं पण नसतं, मॅडम. देवासारखं लिवलंत.”

 सगळं एकदम कळलं. तो ‘बी’, ती लय, तो फोन, सगळं. हातातली सुई मी ट्रेमध्ये ठेवली आणि तोंड उघडलं. दोन वाक्यांचं काम होतं. ताई, याचा डोक्याशी काही संबंध नाही. या रक्तातल्या पेशी आहेत.

तेवढ्यात दार उघडून विद्याधर सर आत आले. त्यांच्यासोबत आम्हाला निधी देणाऱ्या संस्थेची दोन माणसं होती, एक गोरा गृहस्थ आणि एक दिल्लीच्या बाई. “ही आमची शर्मिष्ठा,” सर म्हणाले, “त्या माहितीपत्रकाबद्दल सांगत होतो ना, ते हिचं.” दिल्लीच्या बाईंनी शेवंतीताईंच्या हातातली झिजलेली पानं बघितली, त्यांना भरून आलं. त्यांनी सरांना विचारायला सांगितलं, की यांना यातलं सगळं समजलं का?

“हो,” शेवंतीताई म्हणाल्या. “सगळं समजलं. मॅडमनी एकदम बरोबर लिवलंय.”

आणि मी हसले. यापुढचं काही सांगायच्या आधी हे लिहून टाकते, कारण नंतर माझी हिंमत होणार नाही. पाहुण्यांकडे बघून मी नम्रपणे, मान जराशी तिरकी करून हसले. पाहुणे गेले. मी रक्त काढलं, कापूस दाबला, “आपण बोलू हं नंतर,” म्हणाले आणि त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले.

ते ‘नंतर’ मी चोवीस दिवस लांबवलं.

या चोवीस दिवसांत मी काहीच केलं नाही, असं नाही. मी दुसऱ्याच दिवशी संगणकावरचं माहितीपत्रक उघडलं आणि ‘स्मृतिपेशी’ काढून ‘रक्तातल्या बी-पेशी, ज्यांचा आपल्या स्मरणशक्तीशी काहीही संबंध नाही’ असं घातलं. बदलाच्या नोंदीत लिहिलं, ‘किरकोळ भाषिक सुधारणा’. किरकोळ! एका बाईची नऊ वर्षांची नोकरी गेली आणि मी किरकोळ लिहिलं. दिवसातून दोनदा त्यांचा नंबर काढायचे आणि फोन खाली ठेवायचे. कधी म्हणायचे, फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही. कधी म्हणायचे, एचआयव्हीचा मेंदूवर कधीकधी परिणाम होतोही, काहींची स्मरणशक्ती खरंच कमी होते, मग उगाच खात्री कशी द्यायची? बघा, शास्त्रसुद्धा मी आडोशाला वापरलं. खरं कारण एकच होतं. मला लाज वाटत होती, आणि ती लाज त्यांच्यासमोर जाऊन वाटून घ्यायची तयारी नव्हती. घरी बाबा पाहुण्यांना अजून ते पत्रक वाचून दाखवत होते. मी स्वयंपाकघरात मूग गिळून उभी असायचे.

जूनच्या चार तारखेला बोरिवलीहून एक गृहस्थ रक्त द्यायला आले. मी त्यांना सुधारलेलं पत्रक वाचून दाखवलं. ‘स्मरणशक्तीशी काहीही संबंध नाही’ यावर ते थांबवून म्हणाले, “हे स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत हां. नाहीतर माणूस नसता जीव टांगणीला लावून बसायचा.”

मला त्यांच्याकडे वर बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी असल्फाला उतरले.

टेकडीवरच्या पायऱ्या चढून त्यांच्या खोलीशी पोचले तेव्हा धाप लागली होती. दार उघडंच होतं. आत भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं: गॅस बंद. नळ बंद. गोळी घेतली का. कुलूप दोनदा ओढून बघ. देवाच्या फळीखाली चौतीस नावं होती, बसमधल्या मुलांची, इमारतीसकट. काम सोडून दोन महिने झाले होते. पण रोज ती नावं न बघता म्हणून बघायच्या, असं त्यांनीच सांगितलं. “अजून सगळी येतात,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही म्हणालात, आतल्या आत होतं.”

मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. शब्द माझा चुकला. स्मृती म्हणजे इथे जंतूंची आठवण, तीसुद्धा रक्तातल्या पेशींची. डोक्याची नाही. मी एक अक्षर गाळलं, वाक्य छान दिसावं म्हणून.

त्यांनी भिंतीवरच्या खडूच्या अक्षरांकडे बघितलं.

“डोक्याचा काय संबंध नाय?”

“नाही.”

“मग मी गेल्या हप्त्यात चष्मा फ्रिजवर ठेवून घरभर शोधला, तो?”

“तो मीही शोधते. सगळेच शोधतात.”

त्या हसल्या, अगदी मोकळ्या. मला वाटलं, सुटले. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्या हसायच्या थांबल्या आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या.

“मी तुमच्याकडं आलेली बारा मेला. मंगळवार. ती मोरपिशी ड्रेसवाली बाई आली, तिनं विचारलं. तुमचं तोंड तेव्हाच उतरलेलं. मला वाटलं, बरं नाय मॅडमना.” त्यांनी वर बघितलं. “तेव्हा कळलेलं ना तुम्हाला?”

त्यांच्या स्मरणशक्तीची याहून कडक तपासणी कोणी केली नसती.

“हो,” मी म्हणाले.

“विशालशेटनं एकतीस मेपर्यंत माझी जागा धरलेली. फोन केलेला त्यानं दोनदा. ताई, विचार करा, पोरं तुमचंच नाव घेतात. मी म्हटलं, नको रे बाबा, कुणाचं तरी लेकरू जायचं.” मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “माका काय ठावक, मॅडम. तुम्ही सांगलास ता मी खरा मानलंय.”

त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. माझ्याकडे माफी तयार होती, मेट्रोत तीनदा घोकलेली, अगदी शुद्ध मराठीत. ती मला तोंडातून काढवेना. मी एवढंच म्हणाले, “चला, आपण जाऊन येऊ त्यांच्याकडे. मी सांगते माझी चूक झाली म्हणून.”

“आजाराचं नाय हां.”

“नाही.”

विशालचं ऑफिस पंतनगरच्या बाजूला एका गाळ्यात होतं. तिशीतला मुलगा, वडिलांनी सुरू केलेल्या सात बसेस सांभाळणारा. ताईंना बघून तो खुर्चीतून उठला, त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली, चहा सांगितला. मी माझं ओळखपत्र पर्समध्ये आधीच घातलं होतं, त्यावर एचआयव्ही हा शब्द ठळक छापलेला आहे. म्हणजे कबुली द्यायला निघालेली मी नाव-गाव झाकून निघाले होते, आणि तसं करण्यावाचून इलाजही नव्हता.

“यांच्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही,” मी म्हणाले. “आमच्याकडून एक चूक झाली. त्यामुळे यांचा गैरसमज झाला.”

“अरे वा, मस्त!” विशाल म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. “पण वाट लागली ना, मॅडम. एक तारखेला मी नवीन बाई ठेवली. जयंतीताई म्हणून. कालच तिचं पोलीस व्हेरिफिकेशन होऊन आलं. तिला पण घर चालवायचंय. आता तिला काय सांगून काढू?” त्याने कपाळावर हात मारला. “पंधरा दिवस आधी आला असतात तर प्रॉब्लेमच नव्हता यार. जागा खालीच होती.”

मी मान खाली घातली. तो पुढे म्हणाला, “आणि दुसऱ्या बसला टाकतो म्हटलं तर पालकांच्या ग्रुपवर पोचलंय सगळं. ताईंना विसरायला होतं, असं. मी त्यांना काय सांगू? चूक कसली झाली? तुम्ही कुठल्या? कसली टेस्ट होती?”

मी यासाठीच आले होते. चूक आपल्या अंगावर घ्यायला. आणि उत्तराचा पहिला शब्दच उच्चारता येत नव्हता. ‘रक्ताची’ म्हटलं की पुढे ‘कशासाठी’ येणार, माझं नाव सांगितलं की संस्थेचं नाव येणार, आणि संस्थेचं नाव कोणीही फोनवर टाइप करून बघू शकतं. माझ्या चुकीला त्यांचा आजार चिकटलेला होता. एक उचलली की दुसरा उघडा पडत होता. 

“काय नाय रे,” शेवंतीताई म्हणाल्या. “टेस्टबिस्ट काय नाय. नवरा गेल्यापासून एकटी आसय, कायबाय डोक्यात घेतलंय. माझाच घोळ झाला. ह्या मॅडम चांगल्या आहेत, समजवायला आल्या बिचाऱ्या.”

विशालने माझ्याकडे आदराने बघितलं. चहा आला. मी तो प्यायले.

रस्त्यावर आल्यावर मी त्यांना म्हणाले, “ताई, तुम्ही का घेतलंत अंगावर?”

“मग कोण घेणार?” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तिसरं कोणी दिसत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी मी विद्याधर सरांना सगळं सांगितलं, चोवीस दिवसांसकट. समितीला अहवाल गेला. तोपर्यंत जुनं पत्रक एकेचाळीस जणांना वाचून दाखवलेलं होतं. प्रत्येकाला पुन्हा बोलावलं. आणखी तिघांनी तेच समजून घेतलं होतं. त्यातले एक आजोबा रोज सकाळी उठून भावाबहिणींचे फोन नंबर पाठ म्हणत होते. शेवंतीताईंना सरांनी एका मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तास-दीड तास तपासून लिहून दिलं की स्मरणशक्ती त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. त्या कागदाचा उपयोग काहीच झाला नाही. मला विसरायला होत नाही, असा दाखला घेऊन येणाऱ्या बाईकडे कुठली आई आपलं मूल देईल? त्या आता असल्फाच्याच एका खानावळीत नारळ खवायला आणि पोळ्या लाटायला जातात.

समितीच्या इतिवृत्तात माझ्या चुकीला ‘भाषिक संदिग्धता’ असं नाव मिळालं. कोणीही मला रागावलं नाही. त्या वयस्कर बाईंनी तर फोन करून सांगितलं, की एवढ्या चांगल्या मराठीचा सराव राहिला नाही लोकांना, तुझा काय दोष. मी फोन ठेवला आणि बराच वेळ माझे कान तापलेले होते. बाबांना मी खरं सांगितलं.  ती चार पानं त्यांनी टेबलावरून उचलून कुठे ठेवली ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

शेवटचा नमुना ऑक्टोबरमध्ये होता. मला वाटलं होतं त्या येणार नाहीत, येऊ नयेत अशी माझी इच्छाही होती. त्या आल्या. वेळेवर, खानावळीतून थेट, बोटांना नारळाचा वास. खुर्चीत बसल्या आणि बाही वर केली.

“तुम्ही आलात,” मी म्हणाले. “मला वाटलं नव्हतं.”

“सही केलीय ना मी. तीनदा देणार म्हणून.”

नमुना घेण्याआधी त्यांना नवं पत्रक वाचून दाखवणं नियमाने भाग होतं. मी ते उघडलं. या वेळी मी ते दहा जणांकडून वाचून घेतलं होतं, त्यात एक रिक्षावाला होता आणि आमच्या इमारतीतल्या एक आजी. एकही अवघड शब्द नव्हता. प्रत्येक ‘बी’ जिथल्या तिथे होता. मी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य वाचायला घेतलं.

त्यांनी हात वर केला.

“मॅडम, राग मानू नका. हिंदीत सांगा.”

“हिंदीत? ताई, हे सोपं आहे आता. मी सगळं बदललंय.”

“असंल. पण तुमचं मराठी लय छान हाय ओ. ते कानात गेलं की मला सगळं खरंच वाटतं.” त्या ओशाळून हसल्या, जणू दोष त्यांच्याकडेच होता. “हिंदीत सांगा. हिंदीतलं मी तपासून घेते.”

मी कागद बाजूला ठेवला आणि हिंदीत सांगायला लागले. माझं हिंदी कच्चं आहे. लिंग चुकतात, शब्द सापडत नाहीत, तिसऱ्या वाक्याला मी अडकले. त्या पुढे वाकून नीट ऐकत होत्या, आणि प्रत्येक वाक्यानंतर मला थांबवून विचारत होत्या, “मतलब क्या?”

वर्षभर मी त्यांच्याशी मराठीत बोलले होते, आणि त्यांनी मला हे एकदाही विचारलं नव्हतं.